घटक ५ : क्षेत्रीय ध्वनिचित्रमुद्रण आणि फाइलींचे स्वरूपांतर

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
• व्हिडिओ फाइलचे वेष्टन आणि तिच्यातील कोडेक यांतील फरक सांगता येईल.
• संपादन-प्रणाली एखादी फाइल का उघडत नाही, याचे कारण लक्षणांवरून ओळखता येईल.
• पुनर्वेष्टन आणि पुनःसंकेतन यांपैकी योग्य मार्ग निवडता येईल.
• स्वरूपांतरात बोलीचे ध्वनिविशेष कसे नष्ट होऊ शकतात, ते स्पष्ट करता येईल.
• मूळ मुद्रण सुरक्षित ठेवून स्वरूपांतराची नोंद करता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण बोलीभाषकाची निवड, मुलाखतीची पूर्वतयारी आणि प्रत्यक्ष मुद्रण यांचा विचार केला. आता असे समजू, की तुम्ही एका ज्येष्ठ बाईंच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर मुद्रित केल्या आहेत. घरी येऊन फाइल संगणकावर घेतली, प्रकल्पासाठी हवा तेवढा भाग कापावा म्हणून संपादन-प्रणाली उघडली. पण प्रणालीने फाइल स्वीकारलीच नाही. किंवा आवाज आला आणि चित्र आले नाही. किंवा दोन्ही आले, पण ओठांची हालचाल आणि शब्द यांचा मेळ बसेना.

अशा वेळी बहुतेक जण आंतरजालावर सापडेल ते ‘कन्व्हर्टर’ घेतात, पहिली दिसेल ती कळ दाबतात आणि फाइल उघडली की समाधान मानतात. मोबाइलमध्ये जागा हवी म्हणून मूळ फाइल पुसून टाकतात. येथेच खरी हानी होते. फाइल उघडली, याचा अर्थ आतील सामग्री शाबूत राहिली असा होत नाही. उच्चारांचे जे बारकावे टिपण्यासाठी आपण गावी गेलो, तेच या घाईत गळून पडलेले असू शकतात. त्या बाई पुढील वर्षी भेटतील, त्याच ओव्या त्याच सुरात पुन्हा म्हणतील, याची खात्री कोणालाही देता येत नाही.

बोलींच्या अभ्यासाला हा प्रश्न नवा नाही. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या निमित्ताने विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत अनेक भाषा व बोलींचे नमुने ग्रामोफोनच्या तबकड्यांवर मुद्रित झाले. ते आज संगणकावर ऐकता येतात, कारण मूळ तबकड्या कोणीतरी जपल्या आणि पुढे त्यांतील ध्वनी काळजीपूर्वक अंकीय रूपात आणला. तबकडीवरून फितीवर, फितीवरून संगणकावर, एका प्रकारच्या फाइलीतून दुसऱ्या प्रकारच्या फाइलीत, असे स्थलांतर प्रत्येक पिढीतील अभ्यासकाला करावे लागते. ते कसे करावे, हा या घटकाचा विषय आहे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ वेष्टन आणि कोडेक

फाइलच्या नावाच्या शेवटी बिंदूनंतर जी अक्षरे येतात (एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही, एव्हीआय, एमटीएस, ३जीपी), ती म्हणजेच व्हिडिओचा प्रकार, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती अपुरी आहे. ही अक्षरे केवळ बाहेरचे आवरण सांगतात. या आवरणाला तंत्रज्ञ ‘कंटेनर’ म्हणतात. आपण त्याला ‘वेष्टन’ म्हणू. वेष्टनाच्या आत चित्राचा एक प्रवाह असतो, ध्वनीचा एक किंवा अधिक प्रवाह असतात आणि दिनांक, वेळ, उपशीर्षके अशी पूरक माहिती असते. चित्र व ध्वनी ज्या पद्धतीने आकुंचित करून लिहिलेले असतात, त्या पद्धतीला ‘कोडेक’ म्हणतात. लिहिणे आणि उलगडणे ही दोन्ही कामे त्यात येतात.

मराठीच्या विद्यार्थ्याला ही कल्पना पोथीच्या दृष्टान्ताने लवकर कळेल. महानुभाव ग्रंथकारांनी आपले अनेक ग्रंथ सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. अशी पोथी कापडात बांधलेली असे. कापड सोडले तरी पोथी वाचता येत नसे, कारण संकेताची किल्ली वाचकाजवळ नसे. भाषा मराठीच होती, पण ती सकळ लिपीच्या मागे दडलेली होती. वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीचा उलगडा केल्यानंतर ते साहित्य अभ्यासकांसमोर आले. आपल्या फाइलीत वेष्टन म्हणजे ते कापड आणि कोडेक म्हणजे ती सांकेतिक लिपी. संपादन-प्रणाली फाइल नाकारते तेव्हा दोनच शक्यता असतात : तिला कापडाची गाठ सोडवता येत नाही, किंवा लिपीची किल्ली तिच्याकडे नाही.

काही प्रचलित नावे लक्षात ठेवा. एमओव्ही हे ॲपल कंपनीच्या क्विकटाइम प्रणालीचे वेष्टन. त्याच्याच रचनेवरून पुढे एमपी४ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण वेष्टन तयार झाले. म्हणून ही दोन वेष्टने एकमेकांची जवळची नातलग आहेत. एमकेव्हीचे पूर्ण नाव ‘मात्रोष्का’, म्हणजे एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांच्या नावावरून आलेले. चित्राच्या कोडेकमध्ये २००३ मध्ये प्रमाणित झालेला एच.२६४ आणि २०१३ मध्ये आलेला एच.२६५ सर्वत्र आढळतात. एच.२६५ यालाच एचईव्हीसी असेही म्हणतात. ध्वनीसाठी एएसी हा आकुंचित, तर पीसीएम हा अनाकुंचित प्रकार आहे. डब्ल्यूएव्ही फाइलीत सामान्यतः पीसीएम ध्वनी असतो.

एकाच वेष्टनात निरनिराळे कोडेक राहू शकतात आणि एकच कोडेक निरनिराळ्या वेष्टनांत राहू शकतो. त्यामुळे ‘माझी दुसरी एमपी४ फाइल उघडली, मग ही का उघडत नाही?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा कोडेकमध्ये असते. यावरून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. फाइलच्या नावातील एमकेव्ही ही अक्षरे पुसून तेथे एमपी४ लिहिणे, हे स्वरूपांतर नव्हे. पोथीवरची चिठ्ठी बदलल्याने पोथी बदलत नाही.

५.२.२ आकुंचनात काय घडते?

आकुंचन मुळात करावेच का लागते? साधा हिशेब करू. १९२० × १०८० बिंदूंच्या एका चित्रात २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी तीन बाइट्स धरल्यास एका चित्राला ६२,२०,८०० बाइट्स लागतात. सेकंदाला अशी ३० चित्रे, म्हणजे ३० फ्रेम, घेतल्यास तासाभराच्या मुद्रणाला सुमारे ६७२ गिगाबाइट जागा लागेल. आयफोन त्याच मापाचे मुद्रण एचईव्हीसी कोडेकमध्ये मिनिटाला सुमारे ६० मेगाबाइटमध्ये, म्हणजे तासाला सुमारे ३.६ गिगाबाइटमध्ये बसवतो. मधली तफावत आकुंचनाने भरून निघते.

ही बचत दोन प्रकारांनी होते. पहिला प्रकार : डोळ्यांना किंवा कानांना सहसा जाणवणार नाही असा तपशील गाळणे. गाळलेला तपशील परत मिळत नाही. दुसरा प्रकार : प्रत्येक फ्रेम पूर्ण न लिहिणे. जुन्या हिशेबाच्या कागदांत तोच मजकूर पुन्हा लिहिण्याऐवजी ‘कित्ता’ लिहीत, किंवा आजही आपण हजेरीपत्रकात ‘वरीलप्रमाणे’ लिहितो, तसेच येथे घडते. एक फ्रेम पूर्ण लिहिली जाते आणि तिच्या आजूबाजूच्या अनेक फ्रेममध्ये केवळ झालेला फरक नोंदवला जातो. जाते, भिंत, उंबरा तेच आहेत; हात तेवढा फिरला आहे, अशी ती नोंद असते.

फाइल सलग पाहायची असेल तर ही रचना सोयीची ठरते. संपादनात मात्र अडचण येते. आपण मधल्या एखाद्या फ्रेमवर थांबतो, तेव्हा संगणकाला मागे जाऊन पूर्ण फ्रेम शोधावी लागते आणि तेथून ‘वरीलप्रमाणे’चा सगळा हिशेब मांडत यावे लागते. म्हणून जुन्या संगणकावर अशी फाइल अडखळत चालते. व्यावसायिक संपादनासाठी प्रोरेस, डीएनएक्सएचडी असे ‘मध्यस्थ कोडेक’ वापरतात. त्यांत प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे पूर्ण लिहिलेली असते. संपादन सुलभ होते, पण फाइल फार मोठी होते. १९२० × १०८० मापाच्या, सेकंदाला ३० फ्रेमच्या मुद्रणाला प्रोरेस ४२२ प्रकारात तासाला सुमारे ६६ गिगाबाइट जागा लागते. त्याच्याच ‘प्रॉक्सी’ या हलक्या प्रकारात सुमारे २० गिगाबाइट पुरते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वेष्टन म्हणजे काय?
(आ) फाइलच्या नावातील शेवटची अक्षरे बदलल्याने स्वरूपांतर का होत नाही?
(इ) प्रोरेस कोडेकमधील फाइल संपादनास सुलभ का असते?

५.२.३ स्वरूपांतराचे दोन मार्ग

पुनर्वेष्टन : आतील चित्र व ध्वनी यांचे प्रवाह जसेच्या तसे ठेवून केवळ वेष्टन बदलणे, याला पुनर्वेष्टन म्हणतात. पोथी एका कापडातून काढून दुसऱ्या कापडात बांधावी, तशी ही क्रिया आहे. पानांना धक्का लागत नाही, त्यामुळे गुणवत्ता तसूभरही घटत नाही. काम काही सेकंदांत किंवा मिनिटांत होते आणि फाइलचा आकारही जवळजवळ तेवढाच राहतो. मात्र कापड बदलताना पोथीत ठेवलेला एखादा सुटा कागद खाली पडू शकतो, तशी दिनांकाची नोंद, स्थळाची नोंद किंवा दुसरा ध्वनिप्रवाह मागे राहू शकतो. दोन माइक वापरले असतील तर दोन्ही प्रवाह नव्या फाइलीत आले आहेत ना, हे पाहावे.

पुनःसंकेतन : एका कोडेकमधील सामग्री उलगडून ती दुसऱ्या कोडेकमध्ये नव्याने लिहिणे, याला पुनःसंकेतन म्हणतात. ही पोथीची नक्कल आहे. नकलेची नक्कल होत गेली की पाठ बिघडत जातो, हे पाठचिकित्सेच्या अभ्यासात तुम्ही वाचले आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेल्या अशुद्ध पाठांमुळेच एकनाथांना शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. गुणवत्ता गाळणाऱ्या कोडेकमध्ये प्रत्येक नव्या नकलेत काही ना काही गळते. दृष्टान्ताची मर्यादाही ध्यानात घ्या. लेखनिकाच्या हातून चूक अनवधानाने होई. कोडेक मात्र ठरलेल्या नियमाने तपशील गाळतो आणि किती गाळायचा हे आपण दिलेल्या सूचनांवर अवलंबून असते. म्हणून त्या सूचना समजून देणे ही अभ्यासकाची जबाबदारी आहे. शिवाय पोथीच्या बाबतीत जुन्या प्रतींची तुलना करून मूळ पाठाच्या जवळ जाता येते. मूळ फाइल पुसली असेल, तर तुलनेसाठी काहीच उरत नाही.

यातून आपल्या कामाचे सूत्र मिळते : गरजेपुरताच बदल करावा. वेष्टन बदलून भागत असेल तर कोडेकला हात लावू नये. केवळ ध्वनीची अडचण असेल तर चित्राचा प्रवाह तसाच ठेवावा. पुनःसंकेतन अटळ असेल तर ते थेट मूळ फाइलीवरून एकदाच करावे. स्वरूपांतरित फाइलीचे पुन्हा स्वरूपांतर करू नये.

५.२.४ लक्षणे आणि उपाय

कोणता मार्ग घ्यावा, हे फाइलच्या लक्षणांवरून ठरते. क्षेत्रीय कार्यात वारंवार आढळणारी पाच लक्षणे पुढे दिली आहेत.

(१) फाइल मुळीच स्वीकारली जात नाही. आत एच.२६४ चित्र आणि एएसी ध्वनी असूनही वेष्टन एमकेव्ही असेल, तर काही संपादन-प्रणाली ती नाकारतात. एमपी४ किंवा एमओव्ही वेष्टनात पुनर्वेष्टन करावे.

(२) आवाज येतो, चित्र येत नाही. चित्राचा कोडेक प्रणालीला अपरिचित आहे. २०१७ मधील आयओएस ११ पासून अनेक आयफोन मूळ रचनेनुसार एचईव्हीसीमध्ये मुद्रण करतात. जुन्या संपादन-प्रणालींत ते उलगडत नाही. येथे एच.२६४ किंवा मध्यस्थ कोडेकमध्ये पुनःसंकेतन करावे लागते. पुढील वेळी फोनच्या कॅमेरा-सेटिंगमध्ये ‘फॉरमॅट्स’ येथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ हा पर्याय निवडल्यास नेहमीच्या मापांचे मुद्रण मुळातच एच.२६४ मध्ये होते. त्याला जागा मात्र दुपटीच्या आसपास, म्हणजे मिनिटाला सुमारे १३० मेगाबाइट लागते.

(३) चित्र येते, आवाज येत नाही. ध्वनीचा कोडेक अपरिचित आहे. लिनक्सवरील दाविंची रिझॉल्व्हमध्ये एएसी ध्वनीच्या बाबतीत ही अडचण नेहमी येते. केवळ ध्वनी पीसीएममध्ये आणावा, चित्राचा प्रवाह तसाच ठेवावा आणि दोन्ही एमओव्ही वेष्टनात बांधावेत. दाविंची रिझॉल्व्हची लिनक्सवरील मोफत आवृत्ती एच.२६४ चित्रही उलगडत नाही. तेथे चित्रासाठीही मध्यस्थ कोडेक घ्यावा लागतो.

(४) फाइल उघडते, पण अडखळते. ‘वरीलप्रमाणे’चा हिशेब संगणकाला झेपत नाही. मध्यस्थ कोडेकमध्ये प्रत करावी, किंवा संपादन-प्रणालीतच ‘प्रॉक्सी’ तयार करावी. प्रॉक्सी म्हणजे कमी मापाची कामचलाऊ प्रत. काटछाट तिच्यावर होते. अंतिम चित्रफीत बनताना प्रणाली मूळ फाइल वापरते. केडेनलाइव्ह या मोफत प्रणालीत ही सोय आहे.

(५) आवाज ओठांपासून सुटत जातो. हे लक्षण सर्वांत फसवे आहे, कारण आरंभी सर्व ठीक दिसते. अनेक मोबाइल प्रकाश व प्रक्रियेचा भार यांनुसार फ्रेमची गती कमीजास्त करतात. समजा, एका तासाच्या मुद्रणात सरासरी गती सेकंदाला २९.९ फ्रेम होती. एकूण १,०७,६४० फ्रेम झाल्या. प्रणालीने ही गती ३० धरली तर चित्र ३,५८८ सेकंदांत संपते. ध्वनी मात्र ३,६०० सेकंदांचाच राहतो. तासाच्या अखेरीस १२ सेकंदांची तफावत पडते. हावभाव आणि उच्चार यांचा एकत्र अभ्यास करणाऱ्याचे सगळे निष्कर्ष त्यामुळे चुकतात. उपाय म्हणजे पुनःसंकेतन करून फ्रेमची गती स्थिर करणे. शॉटकट ही मोफत संपादन-प्रणाली अशी फाइल ओळखून संपादनस्नेही प्रत करण्याचा पर्याय स्वतःच पुढे करते.

५.२.५ ध्वनीचा विशेष विचार

चित्रपट संपादित करणाऱ्याला चित्र महत्त्वाचे असते. भाषेच्या अभ्यासकाला ध्वनी अधिक महत्त्वाचा असतो. म्हणून स्वरूपांतराच्या खिडकीत ध्वनीविषयीचे पर्याय न पाहता पुढे जाऊ नये.

मराठीत ‘च’ आणि ‘ज’ या अक्षरांचे प्रत्येकी दोन उच्चार आहेत, हे तुम्ही ध्वनिविचारात शिकला आहात. ‘हे जग मोठे आहे’ यातील ‘जग’ आणि ‘तू सुखाने जग’ यातील ‘जग’. ‘चार गाई’ यातील ‘चार’ आणि ‘गाईला चारा चार’ यातील ‘चार’. लेखनात ही जोडी सारखीच दिसते, फरक फक्त कानाला कळतो. बोलींमध्ये या दोन उच्चारांची वाटणी प्रमाण मराठीपेक्षा वेगळी असू शकते आणि नेमकी तीच आपल्या अभ्यासाची सामग्री असते. अशा वर्णांतील घर्षणाची ऊर्जा उच्च कंपनसंख्यांत असते. ‘स’कारासारख्या दंत्य घर्षणात तिचा मोठा भाग ४,००० हर्ट्झच्या वर असतो.

आता अंकीय ध्वनीचा नियम पाहा. सेकंदाला जितके नमुने घेतले जातात, त्याच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचाच ध्वनी नोंदवता येतो. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले तर २४,००० हर्ट्झपर्यंतचा, म्हणजे माणसाला ऐकू येणारा सर्व ध्वनी सामावतो. सेकंदाला ८,००० नमुने घेतले तर ४,००० हर्ट्झच्या वरचे सर्व नाहीसे होते. जुन्या साध्या मोबाइलवरील ३जीपी फाइलींत एएमआर नावाचा दूरध्वनी-संभाषणासाठी बनलेला कोडेक अनेकदा असतो. त्याचा अरुंद प्रकार सेकंदाला ८,०००च नमुने घेतो. कन्व्हर्टरमध्ये ‘लहान आकार’ किंवा ‘मोबाइलसाठी’ असा पर्याय निवडल्यास चांगल्या मुद्रणाचीही अशीच गत होऊ शकते. शब्द कळतात, ओवीचा अर्थ लागतो. पण त्या बाईंनी दंत्य ‘च’ उच्चारला की तालव्य, हे ठामपणे सांगता येत नाही. पुरावा हातात असूनही तो पुरावा राहत नाही.

म्हणून दोन गोष्टी कराव्यात. संपादनासाठी चित्रफितीचे काहीही केले, तरी ध्वनीचा नमुनादर मूळचाच ठेवावा. ध्वनिविश्लेषणासाठी मूळ फाइलीवरून पीसीएम ध्वनीची एक स्वतंत्र डब्ल्यूएव्ही फाइल काढावी. ॲम्स्टरडॅम विद्यापीठात विकसित झालेली प्राट ही ध्वनिविश्लेषण-प्रणाली ती वाचू शकते. ४८,००० नमुन्यांच्या, १६ बिटच्या, द्विवाहिनी ध्वनीला तासाला सुमारे ६९१ मेगाबाइट जागा लागते. ती फार नाही. मात्र एक गैरसमज टाळा. एएसी किंवा एएमआर ध्वनीची डब्ल्यूएव्ही फाइल केल्याने गाळलेला तपशील परत येत नाही. पुढील नुकसान तेवढे थांबते.

५.२.६ प्रत्यक्ष कृतीचा क्रम

पायरी १ : मूळ फाइल जपा. मोबाइलमधून फाइल तारेने किंवा कार्ड-रीडरने संगणकावर घ्या. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल वाटेतच पुन्हा आकुंचित होते. पाठवणे भागच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मूळ फाइलच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा आणि त्यांचा बाइटमधील आकार मूळइतकाच असल्याचे पाहा. या प्रतींवर कोणतेही काम करायचे नाही.

पायरी २ : निदान करा. मीडियाइन्फो या मोफत साधनात फाइल उघडल्यास वेष्टन, कोडेक, फ्रेमची गती स्थिर की अस्थिर, ध्वनीचा नमुनादर हे सर्व दिसते. व्हीएलसीमध्ये ‘टूल्स’ या यादीतील ‘कोडेक इन्फर्मेशन’ येथेही बरीचशी माहिती मिळते.

पायरी ३ : साधन निवडा. शटर एन्कोडर या मोफत साधनात ‘रीरॅप’ हे पुनर्वेष्टनाचे काम आणि प्रोरेस, डीएनएक्सएचडी यांतील पुनःसंकेतन या दोन्ही सोयी आहेत. त्याच्या मुळाशी एफएफएमपेग हा मुक्त संच आहे. हँडब्रेक हे साधनही मोफत व सोपे आहे. पण ते चित्राचे नेहमी पुनःसंकेतनच करते, पुनर्वेष्टन करीत नाही. अस्थिर गती स्थिर करण्यासाठी त्यातील ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ हा पर्याय उपयोगी पडतो. आंतरजालावर फाइल चढवून स्वरूपांतर करून देणारी संकेतस्थळे मात्र टाळा. मुलाखत देणाऱ्या व्यक्तीने संमती अभ्यासासाठी दिलेली असते. तिचा चेहरा आणि आवाज अनोळखी यंत्रणेच्या हाती सोपवण्यासाठी दिलेली नसते.

पायरी ४ : आधी एका मिनिटाचा नमुना करून पाहा. तो संपादन-प्रणालीत उघडतो, आवाज येतो, चित्र योग्य दिसते, हे पाहिल्यावरच संपूर्ण फाइल घ्या. तयार होणाऱ्या फाइलीसाठी डिस्कवर पुरेशी जागा आहे ना, हेही तपासा.

पायरी ५ : पडताळणी करा. मूळ व नवी फाइल यांचा कालावधी जुळवा. आरंभ, मध्य आणि अखेर अशा तीन ठिकाणी ओठ व आवाज यांचा मेळ पाहा. हेडफोन लावून ‘स’, ‘च’, ‘ज’ असलेले काही शब्द दोन्ही फाइलींत ऐका.

पायरी ६ : नोंद ठेवा. मूळ फाइलचे नाव, मूळ वेष्टन व कोडेक, केलेला बदल, वापरलेले साधन व त्याची आवृत्ती आणि दिनांक एवढे प्रकल्पवहीत लिहा. पोथीच्या अखेरीस लेखनिक आपले नाव, शक आणि स्थळ लिहीत असे. पुढच्या अभ्यासकाला ती प्रत किती विश्वसनीय आहे हे त्यावरून कळे. तुमची नोंद हेच काम करील.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
योग्य उपाय सुचवा.
(अ) एमकेव्ही फाइल नाकारली जाते, आत एच.२६४ व एएसी आहे.
(आ) पहिल्या मिनिटात मेळ ठीक आहे. चाळिसाव्या मिनिटाला आवाज ओठांच्या मागे पडतो.
(इ) वर्गमित्राने ३जीपी फाइलची डब्ल्यूएव्ही केली आणि आता ‘ध्वनी उत्तम झाला’ असे तो म्हणतो.

५.३ सारांश

व्हिडिओ फाइल म्हणजे वेष्टन आणि त्यात कोडेकने लिहिलेले चित्र व ध्वनी यांचे प्रवाह. संपादन-प्रणाली फाइल उघडत नाही, तेव्हा दोष वेष्टनात आहे, कोडेकमध्ये आहे की फ्रेमच्या गतीत आहे, याचे आधी निदान करावे. पुनर्वेष्टनात गुणवत्ता कायम राहते. पुनःसंकेतनात काही तपशील गळू शकतो. म्हणून गरजेपुरताच बदल करावा, तो थेट मूळ फाइलीवरून करावा, ध्वनीचा नमुनादर घटवू नये आणि केलेल्या बदलाची नोंद ठेवावी. मूळ फाइल कोणत्याही परिस्थितीत पुसू नये. आज न उघडणारी मूळ फाइल उद्याच्या साधनांनी उघडता येईल. तिच्यातून गळून गेलेला उच्चार मात्र कोणत्याही साधनाने परत आणता येणार नाही.

५.४ पारिभाषिक शब्द

वेष्टन : चित्र, ध्वनी व पूरक माहिती एकत्र बांधणारे फाइलचे आवरण.
कोडेक : चित्र किंवा ध्वनी आकुंचित करून लिहिण्याची व उलगडण्याची पद्धती.
पुनर्वेष्टन : प्रवाह तसेच ठेवून वेष्टन बदलणे.
पुनःसंकेतन : सामग्री उलगडून दुसऱ्या कोडेकमध्ये नव्याने लिहिणे.
मध्यस्थ कोडेक : संपादनाच्या सोयीसाठी प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहिणारा कोडेक.
नमुनादर : एका सेकंदात घेतलेल्या ध्वनिनमुन्यांची संख्या.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) फाइलमधील प्रवाह व माहिती एकत्र ठेवणारे आवरण म्हणजे वेष्टन. (आ) केवळ नाव बदलते. वेष्टनाची रचना आणि आतील कोडेक तेच राहतात. (इ) तिच्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे पूर्ण लिहिलेली असल्याने संगणकाला मागचा हिशेब मांडावा लागत नाही.

प्रश्न २ : (अ) एमपी४ किंवा एमओव्हीमध्ये पुनर्वेष्टन. (आ) फ्रेमची गती अस्थिर असल्याची खात्री करून स्थिर गतीत पुनःसंकेतन. (इ) गाळलेला ध्वनी परत येत नाही. कुटुंबाकडे अन्य चांगले मुद्रण असल्यास ते मिळवावे, नसल्यास ३जीपी फाइल मूळ म्हणून जपावी आणि विश्लेषणात तिची मर्यादा नमूद करावी.

५.६ सरावासाठी स्वाध्याय

१. पोथीची नक्कल आणि पुनःसंकेतन यांतील साम्य व भेद सुमारे १५० शब्दांत स्पष्ट करा.
२. क्षेत्रीय मुद्रणात ध्वनीचा नमुनादर का महत्त्वाचा आहे, ते मराठीतील दोन उदाहरणांच्या आधारे सांगा.

क्षेत्रीय कार्य : तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीच्या संमतीने पाच मिनिटांचे संभाषण मोबाइलवर मुद्रित करा. फाइलचे निदान करून ती तुमच्याजवळील संपादन-प्रणालीत उघडा. आवश्यक असेल तरच स्वरूपांतर करा. प्रकल्पवहीत पायरी ६ प्रमाणे नोंद लिहा आणि ‘च’ व ‘ज’ यांचे दोन्ही उच्चार असलेले दहा शब्द त्या मुद्रणातून निवडून द्या. मूळ फाइलची एक प्रत त्या कुटुंबालाही द्या. तो आवाज त्यांचा आहे.